घरी कुणी न्हाई

अक्का, ती ओळ काल बदलली.

कुठली ते तुम्हाला सांगायला नको. तीन हंगाम जिच्यावरून आपण भांडलो, तीच. चकलांब्याच्या प्रोग्राममध्ये 'मुलं' असं लिहून मी पुढे नुसता रिकामा कंस ठेवला होता. तो कशाचा रिकामा आहे हे अखेर लिहिलं, आणि शब्दही तुमचाच घेतला. तेरावा होऊन पाच दिवस झालेत. पाहुणे आपापल्या गावी गेले, सतरंज्या मंडपवाल्यानं नेल्या, तुमचा भाऊ पुन्हा त्याच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन बसायला लागला. मी स्वयंपाकघरात खिडकीजवळ, ओट्यावर लॅपटॉप उघडला. तुम्ही बसायचात तिथंच, कारण आपल्या घरात रेंज अजूनही तेवढ्याच खिडकीत येते.

नणंद गेली म्हणून भावजय एवढी रडते, हे गल्लीतल्या बायकांना जरा जास्तच वाटतंय. परवा एक जण म्हणालीसुद्धा, "सुरेखा, पुरे आता. सख्खी भन थोडीच व्हती?" मी नाक पुसलं आणि तिला चहा दिला. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझा वाद घालायचा कोटा तुम्हीच संपवून टाकलात.

आपली पहिली भेट मला आठवू नये असं फार वाटायचं, पण तुम्ही ती विसरू द्याल तर ना. लग्नाला चार महिने झाले होते. दुपारची वेळ, घरात मी एकटी. दारावर थाप पडली आणि बाहेरून आवाज आला, "कोण हाय का घरी?"

मी कडी न काढताच आतून म्हटलं, "घरी कुणी न्हाई."

थाप थांबली. मग, "मंग तू कोण बोलायलीस?"

"मी हाय," मी म्हटलं, "पण घरी कुणी न्हाई."

बाहेर कुणीतरी पोट धरून हसायला लागलं. आवाज मी ओळखला नाही. लग्नात तुम्हाला नीट पाहिलं कुठं होतं, पदर नाकापर्यंत ओढलेला आणि समोर माणसांची जत्रा. पुण्याची नोकरी आता घरून करता येते म्हणून तुम्ही दोन बॅगा आणि लॅपटॉप घेऊन कायमच्या परत आला होतात, आणि स्वतःच्याच घराच्या दाराबाहेर उभ्या होतात. त्या दिवसापासून आल्यागेल्या प्रत्येकाला तुम्ही सांगायचात, "आमच्या सुरेखाला हिशेब लई चांगला येतो, फकस्त स्वतःला धरायचं राहतं."

मला खूप राग यायचा. आपल्याकडे बाई दारात येऊन 'घरी कुणी नाही' म्हणते, तेव्हा तिला सांगायचं असतं की घरचा बाप्या बाहेर गेलाय. हे काही मी शोधून काढलेलं नाही. माझी आई तेच म्हणायची, तुमचीही म्हणत असणार. पण तुम्हाला शब्द धरून बसायची खोड. शब्दाचा कान पिळल्याशिवाय तुम्ही त्याला सोडायच्या नाहीत.

त्याच खोडीनं तुम्ही माझी बी.एस्सी.ची पदवी पेटीतून बाहेर काढलीत. कॉलेजात कॉम्प्युटर होता असं मी बोलून गेले, आणि तुम्ही म्हणालात, "मंग आता कावून न्हाई?" मी म्हटलं, भाकरी करायच्यात. तुम्ही म्हणालात, "कर. करता करता ऐक." पुण्याच्या लोकांशी फोनवर गुळगुळीत मराठी बोलणारी बाई फोन ठेवला की लगेच आपल्या गेवराईची व्हायची, याची मला गंमत वाटायची. पीठ मळताना मी तुमच्याकडून टाइपस्क्रिप्ट शिकले, कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. लॅपटॉपच्या कडेला पिठाचं बोट लागलेलं अजून दिसतं. पुसलेलं नाही.

त्या भाषेत प्रत्येक गोष्टीचा प्रकार ठरलेला असतो. हा आकडा, हे नाव, ही आकड्यांची यादी. तुम्ही प्रकार सांगितला तर उत्तम, नाही सांगितला तर आत काय ठेवलंय ते बघून भाषा स्वतःच ओळखते. मला हे फार आवडलं. मी अंदाजाची बाई, मीठ चिमटीनं टाकणारी. तुम्ही चमचा सपाट करून टाकणार. भाषाही माझ्यासारखीच अंदाजानं चालते म्हटल्यावर मला जोर आला, आणि मी विचारलं, "आणि यादीत काहीच नसलं तर? तेव्हा कशावरून ओळखते?"

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. माझ्याकडे असं बघितलंत, की लग्नानंतर या घरात माझ्याकडे तसं कुणी बघितलं नव्हतं. "सुरेखा," तुम्ही म्हणालात, "हा सवाल मला पाच वर्सं नोकरी केल्यावर पडला व्हता."

मग तुम्ही समजावलंत. रिकामी यादी एका जागी बनवली आणि तिथंच भरली, तर भाषा वाट बघते. पहिलं नाव आत पडलं की म्हणते, बरं, ही नावांची. पण तीच रिकामी यादी दुसऱ्या कशाच्या तरी पोटात ठेवून दिली, तर ती वाट बघत नाही. आत काही दिसत नाही, पुढे काय येणार तेही कुणी सांगितलेलं नाही, मग ती ठरवूनच टाकते की ही यादी कशाचीच नाही. त्या प्रकाराचं नाव नेव्हर, म्हणजे कधीच नाही. नंतर त्यात काही घालायला गेलं की लाल रेघ मारून अडवते.

"म्हंजे आज रिकामी दिसली म्हणून जन्माची रिकामी?" मी म्हटलं. "हे तर तुमच्या मावशीसारखं झालं."

मावशी दर दिवाळीला यायच्या आणि तुमच्या न झालेल्या लग्नाकडे बघून म्हणायच्या, हिचं आता काय व्हायचं न्हाई. माझ्या तोंडून निघून गेलं आणि मी जीभ चावली. तुम्ही हसलात, पण जरा वेळानं. मग म्हणालात, "व्हय. म्हणून आपण आधीच लिहून ठेवायचं, कशाची रिकामी हाय ते." मी त्या बोलण्यात भाषेपलीकडचं काही ऐकलं नाही. आता ऐकू येतं.

मग चकलांब्याचं काम आलं. दसरा झाला की तिकडची घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. कुणी पोरं बरोबर नेतं, कुणी म्हाताऱ्या माणसांपाशी ठेवतं. मागं राहणाऱ्या पोरांसाठी छबूताई आणि चार बायकांनी मिळून हंगामापुरतं वसतिगृह चालवलं होतं. कुठल्या घरात कोणती मुलं राहिलीत हे त्या दारोदार जाऊन वहीत लिहायच्या, आणि वह्या कुठंतरी राहून जायच्या. छबूताई तुमच्या शाळेतल्या मैत्रीण. तुम्ही त्यांना शब्द दिलात की मोबाइलमध्ये यादी करून देऊ, आणि मला म्हणालात, "कर तू. मी हाय मागं."

माझं पहिलं स्वतःचं काम. मी 'घर' बनवलं, आणि त्याच्या पोटात 'मुलं' नावाची रिकामी यादी ठेवली, म्हणजे नुसता रिकामा कंस. नाव घालायला गेले तर लाल रेघ. नेव्हर. तुम्ही सांगितलेलं सगळं मला आठवत होतं, तरी राग आला. तुम्ही मागून म्हणालात, "मूल म्हंजे काय ते आधी लिही. नाव, वय, शाळेची इयत्ता. मंग यादीला सांग, तू मुलांची हायस." मला तेवढा धीर नव्हता. मी त्या यादीला 'एनी' लिहिलं. एनी म्हणजे काहीही. त्यात काहीही टाका, भाषा विचारत नाही. रेघ गेली.

"हे तू तिचं तोंड दाबलंस," तुम्ही म्हणालात. "उत्तर न्हाई दिलंस."

"चालतंय ना पण?"

"चालतंय. काम तुझं हाय, तू ठरव." आणि तुम्ही खरंच हात लावला नाहीत. एका ओळीचं काम होतं, तुम्ही गुपचूप करून टाकू शकला असतात. माझं म्हणून जे होतं ते तुम्ही माझंच राहू दिलंत, चुकीसकट. याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत.

महिन्याभरात छबूताईंचा फोन आला. "सुरेखाबाई, तुमच्या मोबाइलमधी पोरं जास्ती दिसायलीत. आमी ताटं मांडून बसलोत, पोरं येईनात की."

आपण दोघींनी यादी उघडली. रोहित. पूजा. कुणी न्हाई. किरण. कुणी न्हाई. कुणी न्हाई. बायका दारात विचारायच्या, घरी कोण हाय, आणि जे उत्तर ऐकू येईल ते मुलांच्या रकान्यात लिहायच्या. यादीत एक गोष्ट पडली की माझा हिशेब म्हणायचा, एक मूल. काहीही चालतंय म्हटल्यावर 'कुणी न्हाई'सुद्धा चाललं. त्याच्या नावानं रोज वरणभात शिजत होता. आपण ओट्याला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. तुम्ही म्हणालात, "बघ, तुझ्या यादीत तूच जाऊन बसलीस."

तरी मी यादीला हात लावला नाही. मी एक गाळणी लिहिली. जिथं 'कुणी न्हाई' दिसेल तिथं ते वगळायचं. मग 'कुणी नाही' निघालं, मग 'कोनी न्हाई', 'कुनी नाय', 'कुणीच न्हाई', 'न्हाई कुणी'. माझी गाळणी दर आठवड्याला लांब होत गेली. तुम्ही रोज सकाळी विचारायचात, "आज कितवं न्हाई सापडलं?" आणि मी तोंड फिरवून पोळी उलटायचे.

एका सकाळी तुम्ही पर्स घेऊन तयारच होतात. "चल, चकलांब्याला. त्या न्हाईंची घरं बघून येऊ." मला वाटलं ऊन खायची हौस आहे. छबूताईंबरोबर आपण वस्तीवर गेलो. तिसऱ्या की चौथ्या घराच्या दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. छबूताईंनी नेहमीसारखं विचारलं, "आज्जी, कोण हाय घरी?"

"कुणी न्हाई बाई," म्हातारी म्हणाली. "समदे गेलेत तोडीला."

तिच्या पाठीमागं, उंबऱ्यापलीकडे, सात-आठ वर्षांची एक पोर उभी होती. म्हातारीच्या खांद्यावरून आपल्याकडे बघत होती. तुम्ही खाली बसलात आणि तुमचा तो ठरलेला प्रश्न विचारलात, पण हसला नाहीत. "मंग ही कोण?"

"ही व्हय? पोरगी हाय माझ्या लेकाची. कोमल." म्हातारीला आपलंच नवल वाटलं. "तुमी माणसांचं इचारलं न्हवं का?"

कोमल हंगाम सुरू झाल्यापासून तिथंच होती. तिच्या घरापुढे 'कुणी न्हाई' लिहिलेलं, आणि माझ्या गाळणीनं तेही पुसून टाकलेलं. छबूताईंनी तिथल्या तिथं तिचं नाव घेतलं. तुम्ही तिच्या हातावर शेंगदाणे ठेवलेत आणि तिनं ते मोजून अर्धे आजीला दिले. मी अंगणात उभी होते. अक्का, मला तेव्हा पायाखालची माती नकोशी झाली होती, आणि मी ते तुम्हाला बोलले नाही.

उलट परतीच्या जीपमध्ये मीच चढ्या आवाजात भांडले. प्रश्न चुकीचा होता म्हटलं, यादीची चूक नाही. 'घरी कोण हाय' असं विचारल्यावर कुणीही तेच उत्तर देणार. 'कोणती मुलं मागं राहिलीत' असं विचारायला लावू, की झालं.

"सवाल बी बदल, यादी बी बदल," तुम्ही म्हणालात.

"पण पुढं काय पडतंय त्यावरून भाषेला ओळखू द्यायला काय हरकत हाय? तुमीच म्हणला होतात, ती वाट बघते."

"बघते. एका घरात बसून बघते. यादी दार ओलांडून दुसरीकडं गेली की भाषेला कोण सांगणार, ही कशाची व्हती?" जीप खड्ड्यात आदळली, तुम्ही माझा दंड धरलात आणि तो गेवराई येईपर्यंत सोडला नाहीत. "त्या म्हातारीचं बघ. तिचं घर खरंच रिकामं व्हतं. पर माणसांचं. आपण ते पोरांचं रिकामं म्हणून लिहून घेतलं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुमचं बरोबर होतं. मला त्याच वेळी कळलं होतं, हे आज कबूल करते. मी प्रश्न बदलला, यादी तशीच ठेवली, आणि त्यानंतरचे दोन हंगाम ते कसंबसं चाललंही.

या उन्हाळ्यात तुमचं दुखणं कळलं. तुमची खाट स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आणली, म्हणजे मला बघता येईल आणि तुम्हाला बोलता येईल. तुम्ही रोज विचारायचात, "बदललीस का गं?" मी म्हणायचे, "बघू." मग तुम्ही उशीवर कोपर टेकून उठायचात आणि पहिल्यापासून सगळं समजावायचात. आवाज बारीक झालेला, पण बोट हवेत तसंच. मी मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारायचे. तुमचा भाऊ एकदा चिडला, म्हणाला, "अगं कर ना ती म्हणतीय तसं, कशाला तरास देतीस तिला?"

त्याला मी काय सांगणार होते. ती ओळ बदलली असती तर वाद मिटला असता, आणि वाद मिटला असता तर तुम्ही उशीवरून उठला नसतात. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला असतात. मला त्याची भीती वाटायची. एवढंच कारण होतं, अक्का, दुसरं नाही. तुम्हाला मात्र मी शेवटपर्यंत हट्टीच वाटले असणार.

शेवटचं धड बोलणंही तेच. मी पेज घेऊन आले होते. तुम्ही म्हणालात, "कशाची रिकामी हाय ते लिहिलंस का?"

"बघू. आधी पेज घ्या."

"पेज घेते. तू लिही."

तुम्ही दोन चमचे घेतलेत. मी लिहिलं नाही. हे मला आता भाकरी करताना, कपडे वाळत घालताना, कधीही आठवतं.

तेराव्याला मावशी आल्या होत्या. म्हाताऱ्या झाल्यात, रडल्याही मनापासून. मग चहाचा कप हातात घेऊन बायकांना म्हणाल्या, "लई गुणाची पोरगी. पर मागं कुणी न्हाई बघा तिच्या." सगळ्या बायकांनी माना हलवल्या. मी समोर चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मला तुमचा आवाज अगदी स्पष्ट आला, मंग तू कोण? आणि मी ट्रे घेऊन आत निघून गेले. मला स्वतःला धरायचं पुन्हा राहिलं.

म्हणून काल बसले. दसरा तोंडावर आलाय, छबूताई आठ दिवसांत दारोदार फिरायला लागतील. मूल म्हणजे काय ते आधी लिहिलं, नाव, वय, इयत्ता. मग त्या रिकाम्या कंसाला सांगितलं, तू मुलांची आहेस. लगेच नऊ ठिकाणी लाल रेघा आल्या. माझी सगळी गाळणी लाल झाली, सगळ्या तऱ्हांचे न्हाई एकाखाली एक. ती गाळणी पुसली. आता मुलांच्या रकान्यात 'कुणी न्हाई' लिहायला जागाच नाही. मूल नसेल तर यादी रिकामी राहील, पण ती मुलांचीच राहील, कधीही कोमल आली तर तिला आत घेईल. जुन्या यादीत जिथं जिथं ते शब्द होते त्या घरांची नावं कागदावर काढलीत. सोमवारी छबूताईंबरोबर त्या प्रत्येक दारात जाऊन येणार आहे. तुम्ही जिंकलात, अक्का. हे तुमच्या खाटेपाशी उभं राहून म्हणायला हवं होतं.

लॅपटॉप मिटतच होते, तर दारावर थाप पडली. "कोण हाय का घरी?"

तुमचा भाऊ दुकानात. माझ्या तोंडात 'घरी कुणी' इथपर्यंत आलं. मग मी उठले, कडी काढली आणि म्हटलं, "मी हाय. या."

तुमच्या वडिलांचे एक जुने स्नेही होते, कड्याहून आलेले. बातमी उशिरा कळली म्हणाले. पाणी प्यायले, तुमच्या फोटोकडे बघत बसले, आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवत म्हणाले, "लई हुशार पोरगी. पर मागं कुणी न्हाई राहिलं तिच्या."

"मी हाय की," मी म्हटलं.

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. "तू कोण म्हनायची, पोरी?"

"सुरेखा. अक्कांची."

ते पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. अक्कांची भावजय, की कोण. मी तो शब्द दिला नाही. यादी तुमच्या म्हणण्यासारखी केली, अक्का, पण या नात्याचं नाव मी आधी लिहिणार नाही. इतकी वर्षं आत जे जे पडत गेलं त्यावरून ज्याला ओळखायचं त्यानं ओळखावं. एवढ्या एका ठिकाणी माझं खरं धरा.